मानेवरचा हात

"हिला नाचता येत नाही, ताई. हिला थांबता येत नाही."

राजनंदिनी हे म्हणाली तेव्हा मी घोडीवर होते आणि हसत होते. हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागतो, त्यातून समोर सहा माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेली असली तर जास्तच. ते तसंच राहिलं, आणि माझ्याखाली हौसा पुढचे पाय आळीपाळीने उचलत, जागच्या जागी, ठेक्यात नाचत राहिली. गेली चार वर्षं ती अशी नाचते. मला बघून नाचते, असं मी चार वर्षं बोईसरमधल्या निम्म्या ओळखीच्यांना सांगत आले. या नाचासाठीच तर मी क्लिनिकला, म्हणजे घोडेस्वारीच्या शिबिराला, नाव घातलं होतं. ड्रेसाज म्हणजे घोड्याने स्वाराच्या नुसत्या बसण्यावरून, बघणाऱ्याला कळणार नाहीत अशा खुणांवरून चालायचं, वळायचं, थांबायचं. आणि त्यातली सगळ्यात वरची पायरी म्हणजे पिआफ, जागच्या जागी दुडकी. ती शिकवायला वर्षानुवर्षं जातात, असं मी फोनवरच्या व्हिडिओंत ऐकलं होतं. आमच्या हौसाला ते उपजत येत होतं. राजनंदिनी पुण्याहून दोन दिवसांसाठी शिकवायला येणार, परदेशात स्पर्धा खेळून आलेली बाई. तिने ते बघावं आणि तिच्या भुवया वर जाव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती. भुवया जागच्या हलल्या नाहीत. ती जवळ आली, हौसाच्या छातीवर तिने हात ठेवला, नाकपुड्या बघितल्या, डोळ्याची पांढरी कड बघितली, आणि हळू आवाजात म्हणाली की हे पिआफ नाही, ही भीती आहे, हिचं काळीज बघा कसं उडतंय.

मी काय केलं, तर हौसाच्या मानेवर थोपटलं. दोन थापा, तळहाताने. शाब्बास, लोक काय वाटेल ते बोलतात, आपण मनाला लावून घ्यायचं नाही, असा त्यांचा अर्थ. हौसाचे पाय आणखी वर यायला लागले. खुर्च्यांवरच्या कुणीतरी वा म्हटलं. राजनंदिनीने मात्र माझ्या हाताकडे बघितलं, मग घोडीच्या कानांकडे, मग परत हाताकडे, आणि मला रिंगणाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभं राहायला सांगितलं. काही करू नका, म्हणाली. लगाम सैल, पाय सैल, फक्त बसा. तिचे चारही खूर दहा अंक मोजेपर्यंत वाळूत स्थिर राहिले पाहिजेत. तुमचं क्लिनिक एवढंच. मला ते शिक्षा केल्यासारखं वाटलं. रिंगणाच्या कडेने निळी पिंपं अर्धी कापून, त्यांवर इंग्रजी अक्षरं रंगवून ठेवली होती. ती पिंपं आमच्याच एमआयडीसीतली होती, तो निळा रंग मी कुठेही ओळखला असता. त्यातल्या एका पिंपाशेजारी मी पाऊण तास उभी होते. उभी कसली, हलत होते. दोनापर्यंत मोजून व्हायचं आणि पाय सुटायचे. एकदा चार झाले. चार झाले म्हणून मला इतका आनंद झाला की मी तिला थोपटलं.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकले तेव्हा नवऱ्याने वरातीमागून घोडं म्हणून चिडवून घेतलं होतं. या खेपेला क्लिनिक म्हटल्यावर त्याने वर्तमानपत्र खाली न करता विचारलं की कुणाला काय झालंय. त्याच्याकडून याहून जास्त चौकशीची अपेक्षा नव्हती आणि माझी तक्रारही नव्हती. मी घोड्यावर बसायला लागले त्या वर्षी आमची मुलगी दिशा शिकायला पुण्याला गेली होती. घरात दोन माणसं आणि तीन खोल्या उरल्या होत्या, आणि दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर विषय लागतो, तो विषय पुण्याला गेला होता. आमच्या कंपनीच्या लॅबमधली हिमानी मला एका रविवारी भावेशच्या वाडीवर घेऊन आली. मनोर रस्त्यावरून आत वळलं की चिकूची झाडं लागतात, त्यांच्या पलीकडे भावेशचे पाच घोडे. हौसाला नुकतंच आणलं होतं. करोनात लग्नं बंद पडली, वराती बंद पडल्या, आणि पालघरकडच्या एका वरातवाल्याने आपली जनावरं मिळेल त्याला देऊन टाकली, त्यातली ही. बरगड्या मोजता येत होत्या. मी घाबरत घाबरत तिच्या मानेवर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि ती नाचायला लागली. चिकूच्या झाडाखाली, बँड नाही, नवरदेव नाही, कुणी नाही. मला बघून आजवर कुणी नाचलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तिचं नाव मीच हौसा ठेवलं. आधीचं नाव काय होतं ते मी विचारलं नाही.

थोपटण्याचं माझं जरा जास्तच आहे, हे मला मान्य आहे. त्यालाही कारण आहे. आमच्याकडे कौतुक करत नाहीत. आई तारापूरकडची, बोटीवरून मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. तिचा हात दिवसभर कल्ले उचलून बघण्यात, सुरी चालवण्यात आणि गिऱ्हाइकाला हटकण्यात गुंतलेला असायचा. बी. एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळाला, आमच्या आळीत कुठल्याही मुलीला मिळाला नव्हता, तेव्हा मी निकालाचा कागद घेऊन थेट बाजारात गेले. तिने कागदाकडे बघितलं, हात ओला होता म्हणून धरला नाही. "बरा हाय," म्हणाली. "आता गावभर सांगत फिरू नको, नजर लागते." आणि समोरच्या बाईला सरंग्याचे कल्ले उघडून दाखवायला लागली. तिच्या बाजूने ते प्रेमच होतं, हे आता कळतं. तेव्हा मी ठरवलं होतं की मला मूल झालं तर त्याच्या पाठीवर सतत हात ठेवायचा. त्याला कधी असा कागद घेऊन उभं राहावं लागू नये. हे मी इतकं मनापासून केलं की माझ्या बाबतीत खोटं म्हणता येईल असं दुसरं काहीही असेल, पण हे नव्हतं.

दुपारी बाकीचे पाला टाकून केलेल्या सावलीत जेवत होते. राजनंदिनी ताट घेऊन माझ्याकडे आली, चांगली मुलगी आहे, दिशापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. ती म्हणाली की तिने मोजलंय, प्रत्येक वेळी माझा हात मानेवर गेला की तिसऱ्या श्वासाला घोडी सुरू होते. तिथे काहीतरी आहे, पण काय ते मला माहीत नाही, म्हणाली. तिचं आधीचं आयुष्य कुणाला माहीत आहे का. मी माझं ताट तसंच ठेवून तबेल्यात गेले.

जिवल्या तिथला साईस, घोड्यांची निगा राखणारा. पन्नाशी ओलांडलेला वारली माणूस, मनोरच्या वर डोंगराकडे त्याचा पाडा. पावसाळ्यात भात लावायला जातो, बाकीचं वर्ष घोड्यांत. भावेशकडे येण्याआधी तो त्याच वरातवाल्याकडे कामाला होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार वर्षांत त्याला काही विचारावं असं मला वाटलं नव्हतं. तो हौसाच्या समोर उभा होता, हात पाठीमागे बांधून. तो तिच्याजवळ नेहमी असाच उभा राहतो. मी समजत होते की बाईमाणूस आलं म्हणून अदबीने. मी विचारल्यावर त्याने सगळं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नसावं. वरातीच्या घोडीला नाचायला शिकवतात ते असं की तिचं तोंड आखूड बांधायचं, एकाने ढोल वाजवायचा, आणि दुसऱ्याने पुढच्या पायांच्या नळीवर काठीने मारायचं, एकदा डाव्या, एकदा उजव्या. पण वरातीत सगळ्यांसमोर काठी चालत नाही, नवरदेवाकडची माणसं बघतात, बायका हळहळतात. म्हणून काठीच्या आधी मानेवर थाप द्यायची. दरवेळी आधी थाप, मग काठी. महिना-दोन महिने.

"मग काठी नाय लागत, बाय," तो म्हणाला. "थापच पुरते. लोकांना वाटते मालक कुरवाळते."

काठी कोण मारायचं, हे मी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला की त्याच्याच हातात असायची. मग मी विचारलं की तू मला चार वर्षं थोपटताना बघतोयस, एकदाही बोलला का नाहीस. त्याने मान वर केली. त्याच्या तोंडावर मला दोष देणारं काही नव्हतं, आणि तेच मला सोसवेना.

"तुमी हसत व्हत्या," तो म्हणाला. "बोईसरवरून एवढ्या लांब येता. म्हटला, एकाला तरी बरा वाटते."

मी प्रयोगशाळेत काम करते. चोवीस वर्षं मी नमुने तपासते आहे. पिवळसर आणि पिवळट यांतला फरक ओळखून आख्खी बॅच परत पाठवते, प्लँटवरची माणसं माझ्या नावाने बोटं मोडतात. चंद्रकांता मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, असं बोलतात, आणि ते ऐकून मला बरं वाटत आलेलं आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन मी गॅलरीत बसले. वारा पश्चिमेचा नव्हता म्हणून हवेला कंपन्यांचा नेहमीचा आंबूस वास होता. माझा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. तो मी उलटा केला. गेल्या चार वर्षांचे रविवार मी मोजले नाहीत, पण ते आपणहून एकामागोमाग यायला लागले: वाढदिवसाला थोपटलं होतं ते, तिला पोटशूळ झाला होता आणि मी शेजारी बसून रात्र होईपर्यंत थोपटत होते ते. जिवल्या त्या दिवशी दोनदा म्हणाला होता की तुमी घरी जा, बाय, मी बसतो. मला वाटलं होतं, त्याला माझी काळजी.

आणि मग दिशा आली. म्हणजे आठवली, पण आली असंच म्हणायला हवं, कारण मी तिला बोलावलं नव्हतं. आमच्याकडे पाहुणे आले की दिशा नाच करून दाखवायची. बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होतं ते. मी तिच्या पाठीवर दोनदा थोपटायचे, तेवढं पुरे व्हायचं, तोंडाने सांगावं लागायचं नाही. बाकीच्यांची पोरं आईच्या मागे लपायची, अंगठे चोखायची, आणि माझी मुलगी हसतमुख, मधोमध, दोन्ही हात वर. ती सात वर्षांची असताना सोसायटीच्या गणपतीत तिचा नाच होता. हिरवा परकर मी स्वतः शिवला होता. गाण्याच्या मध्यावर परकराच्या पुढच्या बाजूला काळा डाग दिसला आणि तो खाली खाली उतरत गेला. ती थांबली नाही. हसायचीही थांबली नाही. गाणं संपेपर्यंत ओल्या परकरात, ओल्या सतरंजीवर ती नाचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी तिला उचलून आत नेलं आणि म्हणाले की सरबत जास्त प्यायलीस, आणि चूक झाली तरी थांबली नाहीस, याचंच मला कौतुक आहे. आणि पाठीवर थोपटलं. ही गोष्ट मी पंधरा वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आले आहे. दिशाच्या देखत. दिशा त्या वेळी हसते.

तिला कुणी मारलं नव्हतं. हे मी गॅलरीत स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी कधी हात उगारला नाही. पण तिच्या बापाचा आवाज चढायचा, ताट सरकवलं जायचं, दार आपटायचं, आणि पाहुण्यांसमोर सगळं नीट झालं नाही तर पाहुणे गेल्यावर ते व्हायचं. ते मला माहीत होतं. मी तिच्या पाठीवर थोपटायचे ते नाच म्हणून की आता सांभाळून घे म्हणून, हे त्या वेळी मला विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? मी म्हटलं असतं, प्रेमाने. आजही तेच म्हणेन. आतून नवऱ्याने जेवायला काय आहे विचारलं, आणि मी उठले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी जाणार नव्हते. गेले. न जाणं म्हणजे तिला तिथे तसंच सोडणं, असं काहीतरी मनात होतं. आणि खरं सांगायचं तर आशाही होती, की आता कळलंय, आता थोपटायचं नाही, म्हणजे झालं. कळलं की सुधारतं यावर माझा विश्वास आहे. नमुना नापास झाला की कारण शोधायचं, कारण सापडलं की पुढची बॅच चांगली निघते. मी राजनंदिनीला जिवल्याने सांगितलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, चला, बघू. मी घोडीवर बसले, त्याच निळ्या पिंपाशेजारी गेले, लगाम सैल सोडला आणि दोन्ही हात खोगिराच्या पुढच्या कडेखाली घट्ट खुपसले. सकाळचं ऊन तिरकं होतं. हौसा हलली, थांबली, हलली. तिचे कान माझ्याकडे वळलेले होते, थाप कधी पडते याची वाट बघत. किती वेळ गेला माहीत नाही. पायांखालून येणारी थरथर हळूहळू कमी झाली आणि मग तिने एक लांब श्वास सोडला, इतका लांब की तो माझ्या मांड्यांना कळला. राजनंदिनी मोजायला लागली. पाच. सहा. हौसाने मान खाली सोडली. चार वर्षांत मी तिची मान इतकी खाली बघितली नव्हती. आठ. खुर्च्यांवर कुणी हलत नव्हतं. मला वाटलं माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट नीट करते आहे आणि ती ही. नऊ. दहा, राजनंदिनी म्हणाली, आणि अगदी हळू म्हणाली, शाब्बास, ताई.

माझा हात मी बाहेर काढला नाही. तो निघाला. मला कळलं तेव्हा तो हवेत होता, तळवा उघडा, आणि त्याची सावली समोर वाळूत हौसाच्या मानेच्या सावलीवर होती. मी तो तिथेच थांबवला. तिला मी शिवले नाही, देवाशपथ शिवले नाही. पण तिने सावली बघितली, आणि तिसऱ्या श्वासाला तिचे पाय उचलले गेले, डावा, उजवा, डावा, आणि ती नाचायला लागली, आदल्या दिवसापेक्षाही उंच.

मी उतरले. राजनंदिनी माझ्याशी फार चांगलं बोलली. घोडी सुटू शकेल यातून, म्हणाली, वेळ लागेल, वर्ष, दोन वर्षं. कुणीतरी नवीन माणूस हवं, जो तिच्या मानेला हात लावणार नाही. मी विचारलं की मी का नाही, मला तर आता माहीत आहे. तिने माझ्या नजरेला नजर देऊन सांगितलं की तुम्हाला माहीत आहे, ताई, पण तुमच्या हाताला माहीत नाही, आणि ती हात ओळखते. भावेश म्हणाला की त्याच्याकडे दुसरा घोडा आहे, शांत आहे, त्यावर बसा. मी हो म्हटलं. जिवल्या हौसाला घेऊन चिकूच्या झाडांतून तबेल्याकडे निघाला, दोर सैल सोडून, दुसरा हात पाठीमागे. ती त्याच्या मागून चालत गेली. साधी, चार पायांवर, कुठल्याही घोड्यासारखी. काठी मारणाऱ्याच्या मागून ती चालत गेली आणि मी निरोपाला तिच्या जवळही जाऊ शकले नाही.

स्कूटरवरून परत येताना पालघरच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. तिच्या शेजारी ताडाच्या सावलीत मी स्कूटर लावली आणि दिशाला फोन केला. ती आता बंगळूरला नोकरी करते, रविवारी अकराला उठलेली असते. दुसऱ्या रिंगला तिने उचलला. ती नेहमीच दुसऱ्या रिंगला उचलते, मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. ती विचारत होती, कसं झालं क्लिनिक, त्या मॅडम काय म्हणाल्या हौसाला, खूश झाल्या का. मी म्हटलं, दिशा, एक विचारू, खरं सांगशील? लहानपणी तू पाहुण्यांसमोर नाचायचीस, ते तुला...

"आवडायचं ना गं, आई," ती म्हणाली. माझा प्रश्न अजून माझ्या तोंडातच होता. "खूप आवडायचं. का गं? तुझा आवाज असा का येतोय? बाबा काही बोलले का? मी येऊ का पुढच्या आठवड्यात? आले की नाचून दाखवते तुला, तो हिरव्या परकराचा. अजून पाठ आहे मला."

आणि ती हसली. मी तो आवाज ऐकला, पहिल्यांदा नीट ऐकला. ताडगोळेवाली सुरीचं टोक घालून एकेक गर बाहेर काढत होती, आईसारखीच, वर न बघता. मला म्हणायचं होतं की नको नाचूस. येऊ नकोस हवं तर, फोन उचलू नकोस, माझ्यासाठी काहीही आवडवून घेऊ नकोस, उभी राहा नुसती, मी दहापर्यंत मोजते. एवढं सगळं माझ्या मनात शब्दांसकट तयार होतं. मी तोंड उघडलं.

"शाब्बास," मी म्हणाले. "शहाणी माझी बाय ती."

पलीकडे ती आणखी जोरात हसायला लागली.